हिमालयात बर्फ पडून गेल्यावर निघायचं आहे? परतवाड्याकडच्या पोरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तुरीचं खळं उरकलं की माझा फोन वाजायला लागतो. "सर, औंदा बर्फाचा ट्रेक करायचाच आहे, कोणता चांगला?" मी परतवाड्याजवळच्या एका शाळेत शिकवतो. उत्तरकाशीचा २८ दिवसांचा गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स केलेला आहे आणि हिवाळ्यात दहा-बारा जणांना घेऊन उत्तराखंडात जातो. माझी पात्रता एवढीच. तेच ते व्हॉट्सअॅपवर दर वेळी टाइप करून बोटं दुखतात, म्हणून एकदाचं बसून हिमस्खलनाबद्दल, म्हणजे उतारावरचा बर्फ सुटून खाली कोसळण्याबद्दल, सगळं लिहून काढलं. प्रश्न लोकांनी जसे विचारले तसेच ठेवलेत.

आपल्याकडे बर्फच पडत नाही. मग हे कायले वाचायचं?

चिखलदरा जेमतेम १,१०० मीटर उंच. तिथे थंडीत गवतावरचं दव गोठलं तरी पेपरात फोटो येतो. वाचायचं ते याच कारणासाठी. वर घाटात पाऊस झाला असेल तर सापन नदीच्या पात्रात पाय टाकायचा नाही, हे आपल्याकडच्या पोराला कुणी शिकवावं लागत नाही. आजोबांनी सांगितलेलं असतं, एखादा बैल वाहून गेलेला डोळ्यांनी पाहिलेला असतो. बर्फाच्या बाबतीत हे शिक्षण आपल्याला मिळालेलंच नाही. पहाडातल्या पोराला मिळालेलं असतं.

आणि आपली माणसं तिकडे जात नाहीत असंही नाही. जानेवारी २०१७ मध्ये काश्मीरच्या गुरेझ भागात हिमस्खलनात जवान गेले, त्यात आपल्या अकोला जिल्ह्यातलेही होते. ट्रेकला जाणारे वेगळे, चारधामला जाणारे वेगळे, रस्त्याच्या कामावर जाणारे वेगळे. २८ फेब्रुवारी २०२५ ला बद्रीनाथच्या पुढे माणा इथे सीमा सडक संघटनेच्या कामगारांच्या छावणीवर बर्फ आला. ५४ मजूर अडकले, ८ दगावले. ती माणसं डोंगर चढायलाही गेलेली नव्हती, कंटेनरमध्ये झोपलेली होती.

हिमस्खलन म्हणजे बर्फाचा गोळा गडगडत येतो तेच ना?

कार्टूनमध्ये येतो. खरं हिमस्खलन वेगळं असतं.

घरी करून बघा. ओट्यावर मूठभर ज्वारी पसरा, तिच्यावर एक फरशी ठेवा आणि फळी लावून एक बाजू हळूहळू उचला. काही वेळ काहीच होत नाही. मग एका क्षणी अख्खी फरशी एकदम सुटते. माणसं मारणारं हिमस्खलन बहुतेक वेळा असंच असतं. वर घट्ट बसलेल्या बर्फाचा थर म्हणजे फरशी, खाली एकमेकांना न धरणारे दाणे म्हणजे ज्वारी. वरच्या थराला तडा जातो, तो तडा उतारभर पळतो आणि शंभर-दोनशे फूट रुंदीचा पापुद्रा एकाच वेळी निघतो. तुम्ही त्या पापुद्र्याच्या मधोमध उभे असता.

खालची ज्वारी कुठून आली? कोरड्या, निरभ्र, कडाक्याच्या थंडीच्या रात्रींतून. जमिनीलगतचा बर्फ त्यातल्या त्यात उबदार असतो, वरचा भयंकर थंड. आतून वाफ वर सरकते आणि जुन्या बर्फाचे कण बदलून जाड्या साखरेसारखे होतात. मुठीत दाबा, लाडू वळला जात नाही. हा थर काही आठवडे, कधी महिनाभरही, तसाच दबून राहतो. त्यावर नवं वादळ येऊन फरशी ठेवतं.

नुसता भुसभुशीत बर्फ एका टोकापासून सुटून खाली पंख्यासारखा पसरत जातो, तोही प्रकार आहे. तो सहसा लहान असतो, पण कड्याच्या वर उभं असताना लहानही पुरतो.

वादळ संपलं, कडक ऊन पडलं. आता तर निघायला हरकत नाही ना?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा येतो आणि उत्तर सगळ्यांत कमी आवडतं. हरकत आहे.

आपल्याकडे गारपीट थांबली की धोका संपला. गारा पडल्या, गहू-हरभरा झोपला, जे व्हायचं ते झालं, माणूस घराबाहेर येऊन नुकसान मोजतो. तिकडे उलट आहे. आभाळ मोकळं झालं तेव्हा ओझं नुकतंच उतारावर चढलेलं असतं आणि खालच्या थराला त्याची सवय झालेली नसते. वादळ चालू असताना आणि संपल्यानंतरचे पहिले २४ ते ४८ तास सर्वांत वाईट. खाली साखरेचा थर असेल तर ४८ तासांवरही भरवसा ठेवू नका. (आपली फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आणि तिकडचा बर्फ यांचा धागा पुष्कळदा एकच असतो: पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी वादळी हवा. त्यामुळे घरून फोन येतो, "इकडं आभाळ फाटलं, तिकडं कसं आहे?" तेव्हा तिकडेही तेच चाललेलं असतं.)

स्वतःचा किस्सा सांगतो. उत्तराखंडातल्या सांकरी गावाच्या वरच्या एका मुक्कामी दोन रात्री बर्फ पडला. तिसऱ्या सकाळी तंबूची चेन उघडली तर आभाळ निळंशार, देवदारांवर बर्फ, पोरं वेडी व्हायची बाकी. चहा होईपर्यंत मी आणि आमचा गढवाली गाईड तंबूंमागच्या सपाट मैदानात फिरून आलो. पंधरा-वीस पावलं गेलो असू, पायाखाली "धप्प" असा आवाज आला. कापसाच्या गंजीवर उडी मारल्यावर येतो तसा, पण खोल, आणि तो पायाखालून लांब पळत गेलेला ऐकू आला. समोरच्या बर्फात बोटभर रुंदीची भेग पडली, दहा-बारा फूट. सपाटीवर होतो म्हणून काही झालं नाही. खालचा थर आमच्या वजनाने बसला होता. गाईडने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. तो एवढंच म्हणाला, "आज नहीं, गुरुजी."

आम्ही उतरलो. शेजारच्या मुक्कामावरचा दुसरा गट वर गेला, शिखरावर नाचला आणि सुखरूप खाली आला. त्यांचे व्हिडिओ आमच्या पोरांनी डेहराडूनच्या बसमध्ये माझ्या देखत पाहिले, मुद्दाम आवाज मोठा करून. त्या दिवशी तो उतार सुटला नाही. त्यामुळे मी बरोबर होतो याचा काहीच पुरावा माझ्याकडे नाही, आणि असा पुरावा कधीच मिळत नसतो. पोरांचं तोंड नागपूर येईपर्यंत फुगलेलं होतं.

बर्फ किती पडला की थांबायचं?

ढोबळ आकडा: २४ तासांत फूटभर, म्हणजे ३० सेंटिमीटर. त्याच्या पुढे गेला तर उभ्या उतारांचं नाव काढू नका. तासाला एका इंचाच्या वेगाने पडत असेल तर तोही वाईटच. पण आकड्याला फार चिकटू नका, कारण वारा आकडा खोटा ठरवतो.

उपणणी आठवा. सूप उंच धरून रास सोडली की भुसा वाऱ्याबरोबर पलीकडे जाऊन ढिगाने साचतो. कड्यावर वारा बर्फाशी हेच करतो. वाऱ्याच्या तोंडावरची बाजू झाडून नेतो आणि मागच्या आडोशाच्या उतारावर टाकतो. तंबूपाशी फूटभर पडलेला असताना त्या मागच्या उतारावर कितीतरी जास्त भरलेला असतो, आणि वाऱ्याने ठोकून बसवलेला असल्यामुळे तो हुबेहूब फरशी होतो. दिसायला गुळगुळीत, उशीच्या अभ्र्यासारखा फुगीर, पायाला ढोलासारखा पोकळ लागतो. कड्याच्या माथ्यावर वाऱ्याने बाहेर काढलेला बर्फाचा छज्जा दिसला की समजा, त्याच्या खालची बाजू भरलेली आहे. छज्जावर उभं राहून सेल्फी काढू नका, तो पायाखालून तुमच्या अंदाजापेक्षा बराच मागे तुटतो.

कोणता उतार धोक्याचा, ते आपल्याला कसं कळणार?

फरशीसारखी हिमस्खलनं बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात, ३८ च्या आसपास सर्वांत जास्त. त्याहून फार उभ्या कड्यावर बर्फ टिकत नाही, थोडा थोडा गळून जातो. त्याहून सपाट जागी सहसा सुटत नाही.

अंश डोळ्यांनी कळत नाहीत. रास कळते. खळ्यात धान्याची रास स्वतःहून ज्या उतारावर थांबते तो साधारण २५ ते ३० अंशांचा. डोंगर आपल्या राशीपेक्षा उभा वाटला की मोबाइल काढायचा. ट्रेकिंगची काठी बर्फावर उताराच्या दिशेने आडवी ठेवा, तिच्यावर मोबाइलची कड लावा, लेव्हलचं अॅप आकडा दाखवतं. हे पायथ्याच्या छोट्या, निरुपद्रवी उतारावर करून बघा. मोठ्या उताराच्या मध्यावर जाऊन मोजणारा हुशार मला एकदा भेटला होता, त्याचं नाव सांगत नाही, तो माझाच विद्यार्थी.

दुसरी गोष्ट लोक विसरतात: तुम्ही स्वतः सपाटीवर असलात तरी डोक्यावर काय आहे ते बघा. वरचा उतार खालून चालणाऱ्याच्या वजनानेही सुटू शकतो, आणि सुटलेला बर्फ पायथ्यालाच थांबेल असं नाही.

दाट जंगलातून गेलो तर?

दाट जंगल बरं. पण झाडांमधून तुम्ही आरामात वळणं घेत चालू शकत असाल तर बर्फही येऊ शकतो. झाडं वाचायला शिका. डोंगराच्या बाजूच्या फांद्या तुटलेल्या आणि खालच्या बाजूच्या शाबूत, किंवा एका पट्ट्यात सगळी झाडं कोवळी आणि खाली वाकलेली, तर तो पट्टा बर्फाचा रस्ता आहे. त्यात डबा उघडून बसायचं नाही.

जोरात ओरडलं तर हिमस्खलन होतं, खरं का?

नाही. बिनधास्त बोला. आवाजात तेवढा जोर नसतो. वजन असतं ते माणसाचं. हिमस्खलनात सापडलेल्या ट्रेकर-स्कीअरच्या अपघातांत दहापैकी नऊ वेळा ते त्या माणसानेच किंवा त्याच्या सोबत्यानेच सोडवलेलं असतं. मला या प्रकरणात दिलासा देणारी ही एकच गोष्ट वाटते: आभाळातून कोसळलेलं संकट असतं तर काही करताच आलं नसतं.

गाईड म्हणतो, "कुछ नहीं होगा." आपण कोण बोलणारे?

गाईडचं ऐकायचंच. पण त्याला विचारायचं: शेवटचा बर्फ कधी पडला? वारा कुठून होता? या दोन दिवसांत कुठे काही सुटलेलं दिसलं का? शेजारच्या तशाच तोंडाच्या उतारावर ताजं हिमस्खलन दिसणं ही सर्वांत स्पष्ट सूचना, तिच्यापुढे बाकी सगळी माहिती दुय्यम. चांगला गाईड या प्रश्नांनी खूश होतो. जो चिडतो त्याच्यावर वरून दबाव असतो. एका कंपनीच्या माणसाला मी फोनवर "बॅच वर जायलाच पाहिजे, रिफंड मागतील" असं गाईडला सांगताना ऐकलं आहे. तो गाईड विशीतला पोरगा होता, बिचारा आमच्याकडे बघून हसला.

अनुभवी माणूस सोबत आहे म्हणून आपण डोकं बंद करायचं, असंही नाही. ४ ऑक्टोबर २०२२ ला द्रौपदी का डांडा-२ वर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी हिमस्खलनात सापडली, २९ जण गेले. शिकवणारे उत्तम गिर्यारोहक होते. डोंगर कुणाचं प्रमाणपत्र बघत नाही.

इशारा कुठे बघायचा?

हिमस्खलनाचा अंदाज संरक्षण खात्याच्या डीआरडीओची चंडीगडची डीजीआरई ही प्रयोगशाळा देते. पूर्वीची मनालीची 'सासे' २०२० मध्ये तिच्यात विलीन झाली. हवामान खात्याचा बर्फाचा अंदाज वेगळा, तोही बघा. जिल्हा प्रशासन हे इशारे पुढे पाठवतं, स्थानिक बातम्यांतही येतात.

धोक्याच्या पाच पायऱ्या असतात. आपल्याला शाळेपासूनची सवय अशी, की पाचपैकी तीन म्हणजे बरा पास. इथे तीन म्हणजे माणसाच्या वजनाने उतार सुटणं अगदी शक्य आहे. जगभरात बरीच माणसं तीनलाच दगावतात, कारण चार-पाचला सगळे घरीच बसतात. आणि अंदाज अख्ख्या जिल्ह्याचा, अमुक उंचीच्या वरचा असा असतो. तुमच्यासमोरच्या उताराचं नाव त्यात नसतं.

उतार ओलांडावाच लागला तर?

आधी फिरून जाण्याचा रस्ता शोधा, धारेवरून किंवा दाट झाडीतून. नसेलच तर एकेकाने जायचं. बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून जाणाऱ्यावर डोळा ठेवायचा. पुढे जाऊन त्याने पक्क्या जागी उभं राहायचं, मग दुसरा. गप्पा मारत रांगेने जाणं, जे आपण दिंडीत करतो, ते इथे चालत नाही. काठीची दोरी मनगटातून काढून ठेवा. उताराच्या खाली काय आहे ते बघा: घळ, ओढा, कडा असेल तर लहान हिमस्खलनही खोल गाडतं.

काय काय सामान लागतं?

तीन वस्तू, तिन्ही प्रत्येकाकडे: ट्रान्सीव्हर, प्रोब आणि फावडं. ट्रान्सीव्हर छातीला बांधायचं यंत्र, ते ४५७ किलोहर्ट्झवर सतत संदेश सोडतं आणि गाडलेल्याला शोधताना दुसऱ्याचं यंत्र ते पकडतं. प्रोब म्हणजे जुळवून लांब होणारी अडीच-तीन मीटरची कांब. फावडं धातूचं घ्या, प्लॅस्टिकचं बसलेल्या बर्फात वाकतं. थांबलेलं हिमस्खलन सिमेंटसारखं बसतं, त्यात हाताने उकरता येत नाही.

हौशी ट्रेकवर हे कुणी देत नाही, हे मला माहीत आहे. मग त्याचा अर्थ सरळ आहे: ज्या उताराला ही यंत्रं लागतील त्या उतारावर जायचंच नाही. माझी सगळी बॅच याच हिशोबावर चालते. गुलमर्गला अफरवट डोंगराच्या बाजूने स्की करायला जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी, त्यांनी हे सगळं घेऊन, वापरायचा सराव करूनच जावं. १ फेब्रुवारी २०२३ ला तिथे पोलंडचे दोन स्कीअर हिमस्खलनात दगावले.

अंगावर आलंच तर काय करायचं?

ओरडून सोबत्यांना सांगा. बाजूला पळता आलं तर पळा, खाली पळून उपयोग नाही, कोरडा बर्फ ताशी १०० किलोमीटरच्या घरात जाऊ शकतो. काठ्या सोडा. वर राहायला हातपाय मारा. वेग मंदावतोय असं वाटलं की दोन्ही हात तोंडासमोर आणा, श्वासाला पोकळी मिळू द्या. थुंकून दिशा ओळखायची वगैरे ऐकलं असेल, विसरा. त्या वेळी बोटही हलत नाही.

सोबती गाडला गेला तर मदत आणायला पळू नका. मदत म्हणजे तुम्हीच. पहिल्या १०-१५ मिनिटांत बाहेर काढलेले बहुतेक जगतात, अर्धा तास उलटला की साधारण तिघांतला एखादा. वरून आणखी काही येत नाही ना ते बघा. शेवटचा दिसला ती जागा काठी रोवून ठेवा, तिथून खाली शोधा. वर दिसणारा हातमोजा, टोपी, पट्टा ओढून बघा. ट्रान्सीव्हर असेल तर त्याने, नसेल तर काठीने टोचत जा. सापडला की थेट वरून खोदू नका, उताराच्या खालच्या बाजूने आत शिरा. पहिलं तोंड-नाक मोकळं करायचं, श्वास नसेल तर तोंडाने श्वास द्यायचा, मग छाती दाबायची. जास्तीत जास्त माणसं गुदमरून जातात, थंडीने नंतर.

पण सियाचीनमध्ये तो जवान सहा दिवसांनी जिवंत निघाला होता ना?

हो. ३ फेब्रुवारी २०१६ ला सोनम चौकीवर बर्फ कोसळला आणि लान्स नाईक हणमंतप्पा कोप्पड सुमारे २५ फुटांखालून सहा दिवसांनी जिवंत निघाले. ११ तारखेला दिल्लीत त्यांचं निधन झालं. सोबतचे नऊ जण आधीच गेले होते. त्या एका माणसाच्या जिद्दीला नमस्कार. त्यावर आपला हिशोब बसवू नका.

आई-बाबा मे महिन्यात चारधामला जाणार आहेत. त्यांना काही धोका?

गावची बस करून जाणाऱ्यांपैकी निम्म्या घरांतून हा प्रश्न येतो. हिवाळ्यासारखा धोका नाही, पण केदारनाथच्या वाटेवर सुरुवातीच्या दिवसांत घळींमधून आलेला बर्फ कापून रस्ता केलेला असतो. तिथले लोक त्यालाच "ग्लेशियर" म्हणतात, "आगे ग्लेशियर है" असं घोडेवाला ओरडतो. खरी हिमनदी ती नव्हे, हिमस्खलनाचा उरलेला ढीग आहे. तो जिथे आहे तिथे वरून पुन्हा येऊ शकतो, विशेषतः दुपारी, ऊन लागून बर्फ ओला झाल्यावर. म्हणून पहाटे निघून अशा जागा सकाळीच पार करायच्या. त्या बर्फाच्या भिंतीला टेकून फोटो, नाश्ता, गुडघ्याला तेल लावणं, काहीच करायचं नाही. पोलीस थांबवतील तेव्हा थांबायचं. ४ एप्रिल २०२३ ला सिक्कीममध्ये नथुलाच्या रस्त्यावर सात पर्यटक हिमस्खलनात दगावले, तेही परवानगीच्या टप्प्याच्या पुढे गेलेले असताना.

वर रेंज नसते. सॅटेलाइट फोन घेऊ का?

नका घेऊ. परवान्याशिवाय तसा फोन किंवा मेसेज पाठवणारं यंत्र बाळगणं आपल्या देशात गुन्हा ठरतो, विमानतळावरच अडकाल. रेंज असेल तिथून ११२. निघण्यापूर्वी खालच्या गावात एका माणसाला रस्ता आणि परतायची वेळ लिहून द्या. घरच्यांना "रोज फोन करीन" असं सांगू नका, एक दिवस फोन आला नाही की इकडे आई जेवत नाही.

रजा तेवढीच, परतीचं तिकीट कन्फर्म, पैसेही भरलेले. तिथे जाऊन परत यायचं का?

मी आता ट्रेकच्या दिवसांत दोन दिवस मोकळे धरूनच तिकीट काढतो. डेहराडूनहून सांकरी साधारण २०० किलोमीटर, बर्फात बस कधी पोचेल याचा नेम नाही, त्यामुळे ते दिवस तसेही लागतात. वादळ आलं तर दोन दिवस गावात काढायचे. होम-स्टेच्या चुलीपाशी बसायचं, राजमा-भात खायचा, पत्ते खेळायचे. मागच्या खेपेला पोरांनी घरमालकिणीला झुणका-भाकर करून खाऊ घातली. तिने भाकरीचं तोंडभरून कौतुक केलं, आणि झुणका तिखट झाला म्हणून पोरांना रात्रभर पाणी भरायला लावलं.